तुझा पिरॅमिड, माझा ढिगारा

मंदार, शेवटी आम्ही नाराच्या तुझ्या त्या पिरॅमिडवर जाऊन आलो. सई आणि मी. शिनकानसेनमध्ये तिसऱ्या सीटवर एक अनोळखी गृहस्थ लॅपटॉप उघडून बसले होते आणि क्योतो येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. खिडकीशी कोण बसणार यावरून कुणी भांडलं नाही. फुजी दिसायच्या कितीतरी आधीपासून "तयार राहा, तयार राहा" म्हणून कुणी आमचा जीव खाल्ला नाही. भेटायला येणारं प्रत्येक माणूस मला सांगतं, तो आहे गं तुमच्याबरोबरच. चांगल्या मनानं सांगतात, मीही मान डोलावते. पण फुजी आला, गेला, आणि आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही, तेव्हा मला कळलं की तू काही गाडीत नाहीस.

आपल्या फुनाबोरी भागातल्या मैत्रिणींचे नवरे जपानात आल्यावर महागडे कॅमेरे घेतात, रामेनची दुकानं शोधत हिंडतात, नाहीतर सायकलवर पैसे उधळतात. माझ्या नवऱ्याला मातीचे ढिगारे आवडायचे. सुट्टी लागली की जुन्या राजांच्या कबरींवर वाढलेली झाडी बघायला आपण निघालो. लोक चेरीचा बहर बघायला जायचे त्या दिवसांत आपण एका टेकाडाला प्रदक्षिणा घालायचो आणि तू सांगायचास, इथे खाली दगडी खोली आहे. दिसते का? नाही. आत जाता येतं का? नाही. मग आपण काय बघतोय? "मीनल, बघायचं म्हणजे दिसायलाच पाहिजे असं थोडंच आहे," असं म्हणून तू पुढच्या पाटीकडे वळायचास.

त्या सगळ्यांत झुतो तुझा लाडका, आणि तो तू आतून कधी पाहिलाच नव्हतास. हजार-बाराशे वर्षांपूर्वी माती आणि दगड रचून केलेला, पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळता होत जाणारा, सात थरांचा. थरांमधल्या कोनाड्यांत दगडावर कोरलेले बुद्ध. नावाचा अर्थ डोक्याचा मनोरा, कारण कुणा भिक्षूचं शीर तिथे पुरलंय अशी दंतकथा आहे. नाराला येणारी गर्दी हरणांना बिस्किटं चारून, मोठ्या बुद्धाला नमस्कार करून परत फिरते. तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर घरांच्या दाटीत हा उभा आहे, पण कुणी फिरकत नाही. याचंच तुला भारी कौतुक होतं.

"हा स्टेप पिरॅमिड आहे, मीनल. इजिप्तमध्ये असता तर तू शंभर फोटो काढले असतेस."

"इजिप्तमध्ये असता तर तू मला इजिप्तला नेलं असतंस. इथे ढिगाऱ्याला आणलंयस."

हे आपलं बोलणं झालं ते त्याच्या कुलूपबंद फाटकासमोर. आठवतंय ना? सई बारा वर्षांची होती. हरणानं तिच्या हातातला नकाशा खाल्ला होता, त्यामुळे ती आधीच फुरंगटलेली. फाटकावर पाटी होती, तीवर फोन नंबर, आणि आगाऊ कळवलंत तर उघडून देऊ असं नम्रपणे लिहिलेलं. आगाऊ तर तू कळवलं नव्हतंसच, पण निदान तेव्हा तरी फोन करशील! ऑफिसात दिवसभर अमुक-सान तमुक-सान करत जपानीत मीटिंगा घेणारा माणूस तू. पण समोर चेहरा दिसत असला तरच तुझी जपानी चालायची. मान तुकवली, हात हलवले, की निम्मं काम व्हायचं. फोनवर मान तुकवून काय उपयोग? पिझ्झासुद्धा तू सईकडून मागवायचास.

"सई, तू कर ना गं बोलणं."

"इयादा, मी नाही. बाबा, तुझा पिरॅमिड आहे, तूच कर."

मग तू मोठ्या हिमतीनं नंबर दाबलास. पलीकडून एका म्हाताऱ्या आवाजात "मोशी मोशी" आलं. आणि तू फोन बंद केलास. मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. तू मात्र गंभीरपणे म्हणालास, "लाइन खराब होती."

नंतर कुंपणाच्या कडेनं टाचा उंचावून तू आत बघत राहिलास. थंडी मी म्हणत होती आणि तुझा मफलर सुटून लोंबत होता. आईंनी विणलेला तो तपकिरी मफलर! लहानपणापासून तुझा घसा हळवा, त्यामुळे ऑक्टोबर लागला की पुण्याहून पहिला प्रश्न मफलरचा यायचा. कॉलपुरता तू तो गळ्यात अडकवायचास, कॉल संपला की खुर्चीच्या पाठीवर. आईंना बिचाऱ्यांना वाटायचं, मुलगा किती ऐकतो.

कुंपणातून दिसत होतं ते असं: अर्धा भाग नीट उकरून, दगड बसवून उभा केलेला, आणि उरलेला अर्धा तसाच, मातीत, झाडाझुडपांसकट.

"अर्धवट टाकलंय काम," मी म्हणाले. "तुझ्यासारखंच. आपल्या बाल्कनीतलं शेल्फ बघ, एका बाजूला फळ्या आहेत, एका बाजूला नाहीत."

"अगं, मुद्दाम ठेवतात. सगळं आपणच उकरायचं नसतं. आपल्यानंतर येतील त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळेल. त्यांच्यासाठी राखून ठेवायचं."

"छान. मग शेल्फही सईसाठी राखून ठेवते."

तिथल्याच एका छोट्या बागेतल्या बाकावर आपण डबा उघडला. थालीपीठ आणि लोणी. हात गारठलेले, धुवायला पाणी नाही, म्हणून कोन्बिनीच्या दुकानातून आणलेल्या चॉपस्टिकनी थालीपीठ खाण्याचा आपला घरगुती अडाणीपणा. तू नेहमीसारखा कुरकुरीत कडेचा तुकडा चॉपस्टिकमध्ये धरून माझ्यापुढे केलास, मी माझ्या चॉपस्टिकनी तो घेतला, आणि सई किंचाळली, "दामे! बाबा, किती वेळा सांगितलं, असं द्यायचं नाही!" बालवाडीपासून ती आपल्याला हे सांगत आलेली. चॉपस्टिककडून चॉपस्टिककडे काही द्यायचं नाही. का, ते तिनं तेव्हा सांगितलं नाही, आपणही विचारलं नाही. इथे इतके नियम आहेत, त्यातला हा एक. तू डोळा मिचकावून मला आणखी एक तुकडा दिलास.

आपला दुसरा वाद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सईची शाळा संपली की पुण्याला परत जायचं, असं तू दर दिवाळीला म्हणायचास आणि मी दर दिवाळीला चकलीचं पीठ पातळ झाल्याचं निमित्त काढून स्वयंपाकघरात जायची. तुझ्या मागोमाग इथे आलेली, स्टेशनवर तिकीट काढायला घाबरणारी बाई मी. इथल्या पाळणाघरात आज वीस पोरं मला सेन्सेई म्हणतात. आणि ती नोकरी मला लागली ती तुझ्यामुळे. मी संध्याकाळी जपानीच्या क्लासला जायला लागले तेव्हा तू कुकर लावायला शिकलास, कुठल्या दिवशी कुठला कचरा हे तोंडपाठ केलंस, आणि परीक्षेत मी नापास झाले तेव्हा केक आणलास. ज्या माणसानं मला इथे रुजवलं तोच म्हणत होता, चल आता. मला राग यायचा रे. रागाच्या खाली भीती होती, की तू एकटा आईंसाठी झुरतोस आणि मला ते दिसतंय.

त्या सोमवारी हा विषय पुन्हा निघाला आणि आवाज चढायला लागले, तेव्हा तू म्हणालास, "रविवारी निवांत बोलू." मंगळवारी सकाळी फुनाबोरी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर तू बाकावर टेकलास आणि उठला नाहीस. पुढचं लिहिण्यासारखं नाही. मी अजून त्या रविवारची वाट बघते आहे असं म्हटलं तर तू मला वेडी म्हणशील, पण बघते आहे.

इथल्या दहनगृहात काय करतात हे मला माहीत नव्हतं. आपल्याकडे घरातले पुरुष जातात, अस्थी गोळा करून आणतात, बायकांना मडकं तेवढं दिसतं. इथे आम्हाला एका स्वच्छ, उजेडाच्या खोलीत नेलं आणि तू पांढरा होऊन ट्रेवर होतास. पांढरे हातमोजे घातलेल्या बाईंनी आमच्या हातात लांब चॉपस्टिक दिल्या. माझ्या लक्षात येईना की यांचं काय करायचं. सईनं एक हाड उचललं आणि माझ्यापुढे धरलं. मंदार, माझा हात पुढे होईना. इतकी वर्षं हीच पोर ओरडत आली होती, असं द्यायचं नाही म्हणून.

"आई, घे," ती म्हणाली. "इथेच द्यायचं असतं. फक्त इथेच."

मग मी घेतलं. तिच्या चॉपस्टिकमधून माझ्या, माझ्यातून कलशात. पायांपासून वर, डोक्याकडे. कलशात तू उभा असावास म्हणून. सगळ्यांत शेवटी त्या बाईंनी एक छोटंसं हाड दाखवलं. मानेतला मणका तो, पण त्याला इथे घशातला बुद्ध म्हणतात, नोदोबोतोके. ध्यानाला बसलेल्या माणसासारखा खरोखरच दिसतो. तो सर्वांत जवळच्या माणसानं ठेवायचा. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी सईकडे बघितलं आणि तिनं तो दोन्ही हातांनी धरल्यासारखा अलगद ठेवला.

इथे सगळ्याच अस्थी देतात. केवढा तो कलश, पांढऱ्या रेशमी कापडात गुंडाळलेला. व्हिडिओ कॉलवर आईंनी तो पाहिला आणि किती तरी वेळ नुसता पदर तोंडाला लावून बसल्या. दहावा-तेरावा तिकडे भाऊजींनी केला. मग आईंचा फोन आला. "मीनल, सगळ्या घेऊन ये. आळंदीला नेऊ. एकही कण मागे ठेवू नकोस हं. जीव घुटमळतो, पुढे जाता येत नाही त्याला." मी म्हटलं, "हो आई, तुम्ही म्हणाल तसंच करू." तिकिटं काढली.

सईनं जेवताना चमचा खाली ठेवला. "सगळं न्या. पण नोदोबोतोके नाही द्यायचं."

"अगं, आजीचा जीव..."

"बाबा माझा पण आहे. सगळा तिकडे नेलास तर इथे काय राहणार? मी कुठे जायचं त्याला भेटायला? आळंदीला? नदीत?" नंतरचं ती जपानीत बोलली, भराभर, रडत. मला सगळं कळलं नाही. शेवटचं कळलं. ती म्हणत होती, बाबाला तुम्ही परत नेताय, त्याला जायचं होतं म्हणून. पण मी इथली आहे.

म्हणजे आपला दिवाळीचा वाद आता तुझ्या एका हाडावर येऊन बसला होता, आणि तू नेहमीसारखा गायब. आईंचं ऐकलं तर पोर तुटणार. पोरीचं ऐकलं तर त्या माउलीला उरलेलं आयुष्य वाटत राहणार की मुलगा परमुलखात अडकून पडलाय. आणि चोरून ठेवून वर सगळं आणलं म्हणायचं, तर आळंदीच्या घाटावर त्यांच्या डोळ्यांकडे मी बघणार कशी? मी दिवसेंदिवस ठरवणं टाळत राहिले. एका संध्याकाळी सईच म्हणाली, "जायच्या आधी बाबाचा पिरॅमिड बघू."

फोन तिनं केला. खोलीचं दार उघडंच होतं. इतकी अदबीची जपानी ती कधी शिकली कोण जाणे. मला त्यातला चिची हा शब्द ऐकू आला. चिची म्हणजे वडील. ती सांगत होती की वडिलांना यायचं होतं, एकदा आले होते, पण फाटक बंद होतं. लाइन खराब होती हे तिनं सांगितलं नाही.

ठरल्या वेळी एक आजोबा सायकलवरून आले, कुलूप काढलं, वाकून नमस्कार केला आणि बाहेरच्या सावलीत जाऊन उभे राहिले. आत आम्ही दोघीच. बाजूनं लाकडी जिना आहे, त्यावरून फिरत वर जायचं. आणि मंदार, आता तू नाहीस म्हणून कबूल करते असं समजू नकोस, पण तो पिरॅमिड आहे. थरावर थर, रेखीव, आणि प्रत्येक कोनाड्यावर एवढंसं कौलारू छप्पर, चिमणीच्या घरट्याला शोभेल असं. त्याखाली बुद्ध. काहींचे चेहरे दिसतात, काही इतके झिजलेत की नुसती बसलेली आकृती उरली आहे. सई एका झिजलेल्या बुद्धासमोर थांबली. तिला काय दिसलं ते मला कळलं, मलाही तेच दिसलं होतं.

वर गेल्यावर पलीकडची बाजू दिसली, न उकरलेली. माती, मुळं, पाचोळा. त्या झाडीखाली आणखी किती बुद्ध बसलेत, कुणाला माहीत नाही.

"बाबा काय म्हणाला होता?" सईनं विचारलं. "हे असं का ठेवलं?"

"आपल्यानंतर येणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त कळेल म्हणून."

ती बराच वेळ त्या झाडांकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. ती तुझ्यासारखीच टाचा उंचावून बघते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मला एकदम इतकी तुझी आठवण आली की कठडा धरावा लागला. तू शेजारी उभा राहून काहीतरी निरर्थक माहिती द्यायला हवी होतीस. कौलं कुठल्या भट्टीत भाजली होती, माती कुठून आणली होती, काहीही. मी एकदासुद्धा जांभई दिली नसती.

मग सईनं फोन काढला आणि माझ्याकडे न बघता आजीला लावला. पुण्यात सकाळ होती, आई चहा घेत होत्या. सईनं फोन फिरवून सगळं दाखवलं.

"हे बघायला एवढ्या लांब गेलात?" आई म्हणाल्या. "टेकाडच आहे की गं हे."

मी हसले. मग आईही हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

"आजी," सई म्हणाली. तिचं मराठी अडखळतं, हे तुला माहीतच आहे. "एक विचारू? बाबाचं एक हाड आहे. लहान. घशाचं. बुद्धासारखं दिसतं. बाकी सगळं आई घेऊन येते. ते एक... माझ्याकडे राहू दे? मी मोठी झाले की ठरवीन. मग तुझ्या नदीत पण आणीन, खरंच आणीन. पण आत्ता नको. आत्ता मला पाहिजे."

आईंनी कप खाली ठेवला. त्या फोनमधून आमच्याकडे बघत होत्या की भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे, सांगता येत नव्हतं. जीव घुटमळतो, एवढंच त्या म्हणतील याची मी वाट बघत होते. उत्तरही तयार ठेवलं होतं, पण ते मला स्वतःलाच पटत नव्हतं.

"घशाचं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

खाली ते आजोबा सायकलची घंटी पुसत होते.

"तिकडे आता थंडी सुरू होईल ना गं?" आई म्हणाल्या. "घसा फार लवकर धरतो त्याचा. मी दिलेला तो मफलर आहे ना घरात? त्यात नीट गुंडाळून ठेव त्याला. आणि सैल नको गुंडाळू. तो काढून टाकतो."

खाली उतरून आम्ही त्याच बाकावर डबा उघडला. थालीपीठ होतं. सईनं कुरकुरीत कडेचा तुकडा चॉपस्टिकमध्ये उचलला, क्षणभर थांबली, आणि मग हातात घेऊन माझ्या हातावर ठेवला.

कलश आता हातात न्यायच्या बॅगेशेजारी दाराजवळ आहे. उद्या सकाळी निघू. आळंदीहून परत येऊ, तेव्हा पुण्याचं काय ते बोलू. मी आणि सई, एखाद्या रविवारी. बाल्कनीतलं शेल्फ तिनं पूर्ण केलं. वरच्या फळीवर तू आहेस, तपकिरी मफलरमध्ये. मी मघाशी बोट घालून बघितलं, कुठेही सैल नाही.